नुडी, टॅली आणि ‘कुठलं लिनक्स टाकू?’

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. मजकूर थोडक्यात असा:

“घराच्या पुढच्या खोलीत झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. लॅपटॉप २०१७ चा. आय-३ सहावी पिढी, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्डडिस्क, डीव्हीडी ड्राइव्ह आहे पण वर्षानुवर्षं उघडलेला नाही. विंडोज १० ला आता अपडेट नाही म्हणतो आणि ११ या मशीनवर चालणार नाही म्हणतो. मराठी अर्ज आयएसएमवर करते, कन्नड नुडीवर. पहाणी (इथला सातबारा) आणि सेवा सिंधू (कर्नाटक सरकारचं सेवांचं संकेतस्थळ) यांची कामं ब्राउझरमध्ये. गावच्या दूध सोसायटीचा हिशोब टॅलीवर, आणि आधारसाठी अंगठ्याचं यंत्र. प्रिंटर एचपी लेझरजेट १०२०. भाचा बेळगावला इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणतो आर्च टाक. यूट्यूबवर झोरिन चांगलं म्हणतात. एका दुकानदारानं तर ‘कशाला लिनक्स, जुगाड करून ११च घालून देतो की’ असं सांगितलं. कुणाचं ऐकू?”

ताई, तुमच्या मशीनला लिनक्स मिंट घाला, सिनॅमन आवृत्ती. (लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी घालायची मोफत यंत्रणा, मिंट, झोरिन, आर्च ही तिचीच वेगवेगळी रूपं.) पण आत्ताच्या हार्डडिस्कवर नको. एक छोटी एसएसडी (न फिरणारी, चिपांची वेगवान डिस्क) घ्या, त्यावर मिंट, आणि जुनी डिस्क विंडोजसकट जशीच्या तशी राहू दे. तुमच्या यादीतल्या दोन कामांना विंडोज लागणारच आहे. तिघांनी तुम्हाला ‘काय टाकायचं’ ते सांगितलं, पण तुमचं काम कुठे अडेल हे एकानंही विचारलं नाही. टायपिंगच्या दुकानात पहिला प्रश्न तोच असतो.

आधी अडणारी कामं. टॅली हा विंडोजचाच प्रोग्राम आहे. वाइन नावाच्या सोयीतून तो लिनक्सवर उघडून दाखवणारे भेटतील. आज उघडेल, पुढच्या अपडेटनंतर उघडणार नाही, आणि तो दिवस नेमका लेखापरीक्षक यायचा असेल. सोसायटीची वही ही प्रयोगाची जागा नाही. अंगठ्याच्या यंत्राचंही तसंच. त्याची आरडी सर्व्हिस (यंत्राला आधारशी जोडणारा प्रोग्राम) विंडोज आणि अँड्रॉइड धरून केलेली असते, लिनक्सच्या भरवशावर ते काम घेऊ नका. ही दोन कामं विंडोजवर ठेवली की बाकीचं सगळं, म्हणजे ब्राउझर, अर्ज, प्रिंट, स्कॅन, व्हॉट्सॲप वेब, लिनक्सवर आरामात येतं.

दुकानदाराच्या जुगाडाबद्दल दोनच गोष्टी. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) आणि (मोजके अपवाद सोडता) इंटेलची आठवी पिढी लागते. ती तपासणी चुकवून ११ बसवता येतं हे खरं, पण अशा मशीनला अपडेट मिळत राहतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि दरवर्षीची मोठी आवृत्ती आली की तोच जुगाड पुन्हा. शिवाय ४ जीबी आणि फिरती हार्डडिस्क यावर ११ चालतं म्हणण्यापेक्षा रांगतं. विंडोज १० ची नियमित मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. घरगुती वापरकर्त्यांसाठीची वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहेत. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचं बटण येतं. त्यासाठी आवृत्ती २२एच२ लागते आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं आत जावं लागतं. टॅलीच्या डिस्कसाठी ती नोंदणी करून ठेवा, आणि त्या विंडोजमध्ये मेल, बँक, कुठून आलेल्या फाइली असलं काही उघडू नका. टॅली, अंगठा, बंद.

आता एसएसडी. लोक मिंट की झोरिन यावर तासभर वाद घालतात आणि मशीन ज्यामुळे मंद आहे ती आठ वर्षं फिरणारी डिस्क तशीच ठेवतात. मिंटच्याच सिनॅमन आणि हलक्या एक्सएफसीई आवृत्तीत रॅमचा फरक साधारण दोन-तीनशे एमबीचा. ब्राउझरचे चार टॅब उघडले की तो संपला. डिस्क बदलली तर मशीन चालू व्हायला लागणारा वेळ मिनिटांवरून सेकंदांवर येतो. २.५ इंची साटा एसएसडी, २५६ जीबी पुरे. जमलं तर रॅमही ८ जीबी करा. मात्र आधी मागचं झाकण उघडून दोन गोष्टी बघून घ्या: दुसरा खाचा रिकामा आहे का, आणि आत्ताच्या पट्टीवर पीसी४ लिहिलं आहे की पीसी३एल. सहाव्या पिढीच्या लॅपटॉपांत दोन्ही प्रकार आढळतात आणि एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही. रॅम वाढवणं या घडीला परवडत नसेल तर एसएसडी घ्या आणि मिंटची एक्सएफसीई आवृत्ती बसवा. दिसायला साधी आहे, कामात काही कमी नाही.

तुमचा न उघडणारा डीव्हीडी ड्राइव्ह इथे उपयोगी पडतो. तो काढून त्या जागी हार्डडिस्क बसवायची चौकट मिळते, तिला कॅडी म्हणतात. जाडी मोजून घ्या: बहुतेक त्या काळचे ड्राइव्ह ९.५ मिमी, जरा जुने १२.७ मिमी. ड्राइव्ह सहसा खालच्या एका स्क्रूवर धरलेला असतो. एसएसडी मूळ डिस्कच्या जागी, विंडोजची डिस्क कॅडीत. काही लॅपटॉप कॅडीतल्या डिस्कवरून सुरू व्हायला कुरकुर करतात. तसं झालं तर विंडोजची डिस्क यूएसबी डबीत घालून भागेल असं समजू नका, विंडोज तिथून नीट चालत नाही. सोसायटीच्या कामापुरती डिस्कांची अदलाबदल करावी लागेल.

मिंटच का? पडद्याच्या खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, खाली पट्टी, उजवीकडे घड्याळ. विंडोज १० वरून येणाऱ्याचा हात आपोआप बरोबर जागी जातो. मिंटची २२ मालिका उबुंटू २४.०४ च्या पायावर आहे आणि तिला एप्रिल २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट आहेत. तोवर नवीन आवृत्ती घालायची सक्ती नाही. झोरिन ओएस १८ चाही पाया तोच उबुंटू २४.०४. म्हणजे वायफाय, प्रिंटर, कीबोर्ड यांच्या बाबतीत दोघांत फार फरक पडायचं कारण नाही. झोरिन दिसायला देखणं, पण तुमच्या ४ जीबीला ते जड जाईल. ८ जीबी केलीत आणि रूप आवडलं तर झोरिनची मोफत कोअर आवृत्ती घ्या, आमची हरकत नाही. विकतची प्रो घेण्याची तुम्हाला गरज नाही.

उबुंटू चांगलं आहे, फक्त त्याची मांडणी विंडोजपेक्षा वेगळी. गिऱ्हाईक समोर उभं असताना बटण शोधत बसावं लागतं. फेडोराची प्रत्येक आवृत्ती साधारण १३ महिनेच सांभाळली जाते, शिवाय व्हिडिओसाठीचे काही घटक वेगळे बसवावे लागतात. सी-डॅकचं बॉस लिनक्स भारतीय भाषांसाठी म्हणून सुचवलं जातं, पण त्यातली भाषेची सोय मिंटमध्येही आहे आणि अडलं तर मिंटचा जाणकार लवकर सापडतो. काली लिनक्सचं नाव तुमच्या पत्रात नाही, तरी सांगून ठेवतो, कारण पोरं ते हमखास घालतात: ते सुरक्षा तपासणाऱ्यांचं हत्यार आहे, रोजच्या वापराचं नव्हे. आर्चमध्ये वाईट काही नाही. त्यात सगळं सतत ताजं येत राहतं आणि कधीमधी काहीतरी मोडतं, ते दुरुस्त करता करता माणूस शिकतो. भाच्यानं शिकावं. सोमवारी सकाळी पहाणीसाठी दारात चार माणसं उभी असताना आणि भाचा प्रॅक्टिकलला बसलेला असताना तुम्ही शिकायची गरज नाही.

आता तुमच्या दुकानाचा गाभा, टायपिंग. इथे जरा सावकाश वाचा.

आयएसएम आणि जुन्या नुडीत केलेल्या फाइलींमध्ये खरं तर मराठी किंवा कन्नड अक्षरं नसतातच. आत इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरी किंवा कन्नड रूप देतो. म्हणून फॉन्ट नसलेल्या मशीनवर ती फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. लिनक्सवरही तेच होणार. तोच फॉन्ट मिंटमध्ये बसवला (फॉन्टच्या फाइलवर दोनदा क्लिक, मग इन्स्टॉल) तर जुनी फाइल लिब्रेऑफिसमध्ये (मिंटमधलं वर्ड-एक्सेलसारखं) दिसेल आणि छापताही येईल. पण आयएसएमचा कीबोर्ड तिथे नाही, म्हणून त्यात नवीन मजकूर घालता येणार नाही. तेव्हा रोज लागणारे नमुने, म्हणजे अर्ज, प्रतिज्ञापत्र, संमतीपत्र, वारसाचा अर्ज, विंडोज चालू आहे तोवरच युनिकोडमध्ये (खरी मराठी-कन्नड अक्षरं साठवणारी, सगळीकडे चालणारी पद्धत) करून घ्या. नुडीच्या नव्या आवृत्त्यांत रूपांतराची सोय आहे, मराठीसाठीही रूपांतरक मिळतात. सगळ्या हजार फाइली बदलत बसू नका. ज्या पंचवीस-तीस पुन्हा पुन्हा लागतात तेवढ्याच करा.

रूपांतरानंतर डोळ्यांनी वाचणं मात्र टाळू नका. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रूपांतरक ही उलटापालट करतो आणि जोडाक्षर आलं की तिथेच चुकतो. रफार, ‘श्र’, ‘द्य’, कन्नडमधला अर्कावत्तु या जागा बघा. नावं आणि सर्व्हे नंबर तर बोट ठेवून ताडून घ्या. पहाणीवरचं नाव आणि अर्जातलं नाव वेगळं पडलं की अर्ज परत येतो हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक.

नवीन टायपिंगसाठी मिंटच्या सेटिंग्जमध्ये कीबोर्ड उघडा, त्यात लेआउट्स. बेरजेच्या खुणेवर क्लिक करून एकेक जोडा. पहिला ‘इंग्लिश (इंडिया, विथ रुपी)’. यात उजवा ऑल्ट धरून ४ दाबला की ₹ येतो, पावत्यांना बरं पडतं. मग मराठी, मग कन्नड. एका वेळी चारच लेआउट ठेवता येतात, तुम्हाला तीन पुरतात. इंग्रजी पहिलाच राहू द्या. मराठी कीबोर्ड चालू असताना पडदा लॉक झाला तर पासवर्ड देवनागरीत टाइप होतो आणि मशीन ‘चुकीचा पासवर्ड’ म्हणत राहतं. निम्मे लोक इथे घाबरून मशीन दुकानात नेतात. लॉकच्या पडद्यावरची भाषेची खूण दाबून इंग्रजी करायचं, झालं.

मराठीसाठी कोणता लेआउट? आयएसएममध्ये तुम्ही इनस्क्रिप्ट वापरत असाल तर प्रश्नच नाही, मिंटमध्ये तोच आहे: डी वर हलन्त, के वर क, शिफ्ट-एन वर ळ. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र हवा तर शिफ्ट-जे, मग डी, मग य.

आणि नुडीच्या कीबोर्डवर तुमचा हात बसलेला असेल तर तुमच्यासाठी एक खास सोय आहे, जी आपल्या भागाबाहेर फारशी कुणाला सुचत नाही. यादीत ‘कगप’ नावाचे लेआउट आहेत. कगप म्हणजे कन्नड गणक परिषद, नुडीचीच मंडळी. हा लेआउट कन्नडसाठी तर आहेच, मराठीसाठीही आहे. म्हणजे नुडीत ज्या कळेवर ಟ येतो त्या क्यू वर ट, डब्ल्यू वर ड, मोठ्या एल वर ळ, आणि एफ वर हलन्त. दोन भाषा, एकच बोटं. एक फरक लक्षात ठेवा: नुडी शब्दाच्या सुरुवातीला आपोआप पूर्ण स्वर देतो आणि व्यंजनानंतर कानामात्रा देतो. हा साधा लेआउट आधी काय टाइप केलं ते पाहत नाही. त्यामुळे पूर्ण स्वर आणि त्याचा काना-मात्रा वेगवेगळा दाबावा लागतो. यादीतून लेआउटचा नकाशा बघता येतो, पहिल्या दिवशी त्याची प्रिंट काढून भिंतीला चिकटवा. हुबेहूब नुडीसारखंच हवं असेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयबसची (टायपिंगच्या जादा पद्धती देणारा प्रोग्राम) एम१७एन जोडणी घ्या. तिच्यात कन्नडसाठी केजीपी पद्धत आहे, मराठीसाठी इनस्क्रिप्टखेरीज फोनेटिक आणि गमभनही आहेत.

लिब्रेऑफिसमध्ये एकदाच करायचं काम: टूल्स, ऑप्शन्स, भाषांचं पान, त्यात ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ चालू करून भाषा मराठी निवडा. हे केलं नाही तर काही फॉन्ट ल आणि श हिंदी वळणाचे दाखवतात. मशीनची स्वतःची भाषा मात्र इंग्रजीच ठेवा. मिंट मराठीत करता येतं, पण भाषांतर जागोजागी अर्धवट आहे आणि कुणाला फोन करून मदत मागितली तर तो इंग्रजी नावंच सांगणार.

दुकानात लग्नपत्रिका आणि फलकांचं काम होत असतं, कोरलड्रॉ आणि श्रीलिपी लागत असती, तर आमचा सल्ला वेगळा असता: बदलूच नका.

बसवण्याच्या आधी मिंट पेनड्राइव्हवरून चालवून बघायचं. मिंटच्या अधिकृत पानावरून आयएसओ फाइल (अख्खं मिंट असलेली एकच फाइल) घ्या, ती साधारण ३ जीबीची, म्हणून पेनड्राइव्ह ८ जीबीचा. त्यातलं सगळं पुसलं जाईल. विंडोजवर रुफस हा छोटा प्रोग्राम उघडून फाइल निवडा. फाइल निवडायच्या बटणाशेजारी बरोबरच्या खुणेचं बटण आहे, त्यानं एसएचए-२५६ आकडा (फाइल पूर्ण उतरली का ते सांगणारी खूण) निघतो. तो मिंटच्या पानावरच्या आकड्याशी जुळला पाहिजे. खानापूरच्या जंगलपट्टीत नेट मध्येच तुटतं आणि अर्धी फाइल पूर्ण झाल्यासारखी दिसते, मग बसवताना ऐंशी टक्क्यांवर अडकलं की लोक लिनक्सला शिव्या देतात. आकडा जुळवायला दोन मिनिटं लागतात. रुफसमध्ये जीपीटी आणि यूईएफआय निवडा आणि स्टार्ट.

पेनड्राइव्ह लावून मशीन सुरू करताना बूट मेनूची कळ दाबायची: एचपीला एस्केप मग एफ-९, डेल आणि लेनोव्होला एफ-१२. एसरमध्येही एफ-१२, पण ती आधी एफ-२ नं सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. सिक्युअर बूट (मशीन सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) बंद करायची गरज नाही, मिंट त्यासह चालतं. मिंटचा पडदा आला की ‘इन्स्टॉल’च्या चित्राला हात न लावता तासभर तपासा. वायफाय, आवाज, पडद्याचा उजेड, कॅमेरा, झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं का, मराठी-कन्नड टायपिंग, तुमचं सेवा सिंधूचं पान. पेनड्राइव्हवर सगळं हळू चालतं, त्यावरून वेगाचं मत बनवू नका. वायफाय दिसलं नाही तर फोन केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, नेट लगेच मिळतं. मग ड्रायव्हर मॅनेजर उघडला की वायफायचा चालक असेल तर तो सुचवतो. ब्रॉडकॉम चिपांना हे हमखास लागतं.

विंडोजमध्ये असतानाच आणखी एक काम उरकून घ्या: कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ची खूण काढा. ती असली की विंडोज बंद होताना डिस्क अर्धी उघडी ठेवून झोपतं, आणि मग लिनक्समधून त्या डिस्कवर काही लिहिता येत नाही.

आता बसवणं. जुनी डिस्क काढून बाजूला ठेवा, मशीनमध्ये फक्त नवीन एसएसडी. हे महत्त्वाचं आहे. दोन्ही डिस्का आत असल्या तर मिंटचा इन्स्टॉलर, तुम्ही एसएसडी निवडलेली असूनही, सुरुवातीची फाइल पहिल्या डिस्कच्या बूट विभागात टाकू शकतो. मग पुढे एक डिस्क काढली की दुसरी सुरू होत नाही. एकच डिस्क असली की ‘इरेज डिस्क’ निवडायलाही भीती नाही, पुसण्यासारखं त्यात काहीच नाही. ‘मल्टिमीडिया कोडेक्स’ला खूण करा. सिक्युअर बूट चालू असेल तर तिथेच एक पासवर्ड मागितला जाईल, तो कागदावर लिहा. पहिल्यांदा मशीन पुन्हा सुरू झालं की निळ्या पडद्यावर ‘एमओके’ असं काहीतरी येतं. व्हायरस नाही तो. ‘एन्रोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्या. वेळेचा विभाग कोलकाता, नाव छोटं, पासवर्ड इंग्रजीत.

इन्स्टॉलरनं ‘आरएसटी बंद करा’ म्हणून वाट अडवली किंवा एसएसडी दाखवलीच नाही, तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारं मशीनचं स्वतःचं सेटिंग) साटाचा, म्हणजे डिस्कच्या जोडणीचा, प्रकार रेडऐवजी एएचसीआय करावा लागतो. पण थेट बदललं तर विंडोज निळा पडदा दाखवून बसतं. क्रम असा: जुनी डिस्क जागेवर लावा, विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग उघडून ‘सेफ बूट’ला खूण करा, मशीन पुन्हा सुरू करताना बायोसमध्ये जाऊन एएचसीआय करा, विंडोज सेफ मोडमध्ये उघडेल, मग ती खूण काढा. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, खरा पासवर्ड आठवतो आहे ना ते आधी बघा.

मिंट नीट सुरू झालं की जुनी डिस्क कॅडीत घाला. विंडोज हवं तेव्हा बूट मेनूची कळ दाबून ती डिस्क निवडायची. विंडोजमधलं घड्याळ अधूनमधून बरोबर साडेपाच तास मागे दिसेल. बिघाड नाही: लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजतं. टॅलीत नोंद करण्याआधी तारीख-वेळेच्या पानावर ‘सिंक नाऊ’ दाबा. पहाटेची नोंद आदल्या तारखेला पडायला नको.

प्रिंटर. लेझरजेट १०२० मध्ये स्वतःची आज्ञावली कायम राहत नाही, वीज गेली की ती पुसली जाते आणि दर वेळी संगणकाकडून नव्यानं घ्यावी लागते. मिंटमध्ये एचपीलिप (एचपीच्या प्रिंटरांचा चालक) असतं, पण या प्रिंटरला एचपीचं जादा प्लगइन लागतं. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून एचपीलिपचं खिडकीवालं रूप बसवा, प्रिंटर केबलनं लावून सेटअप चालवा, ते प्लगइन उतरवून घेतं. त्या वेळी नेट चालू हवं. पुढे कधी अपडेटनंतर प्रिंटर गप्प झाला तर आधी हेच सेटअप पुन्हा चालवा, कारण प्लगइन आणि एचपीलिप यांची आवृत्ती तंतोतंत जुळावी लागते. तुमच्याकडे एचपी आहे हे नशीबच म्हणायचं. दुकानोदुकानी दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० असता तर लिनक्सवर डोकेदुखी झाली असती. पुढे-मागे एप्सनची टाकीवाली एल मालिका घेतलीत तर तिची सोय सहसा आधीच असते.

पहिल्याच दिवशी टाइमशिफ्ट (यंत्रणेच्या प्रती ठेवणारा मिंटमधला प्रोग्राम) चालू करा. रोजच्या दोन आणि आठवड्याच्या दोन प्रती पुरेत. अपडेटनं काही मोडलं तर मशीन कालच्या स्थितीत नेता येतं. मात्र टाइमशिफ्ट तुमच्या फाइली राखत नाही, फक्त यंत्रणा राखतं. अर्जांची प्रत वेगळी काढायला हवी, जुन्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर.

अपडेट मॅनेजर ढालीच्या चित्रातून सांगत राहतो, पण पावसाळ्यात हेस्कॉमची वीज कधी जाईल सांगता येत नाही आणि आठ वर्षांच्या बॅटरीवर भरवसा नको. अपडेट रात्री दुकान मिटताना, यूपीएस असेल तर त्यावर करा. मध्येच वीज गेली आणि मशीन अर्धवट उठलं तर सुरू होताना ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये रिकव्हरी निवडा. तिथे ‘डीपीकेजी’ नावाची ओळ आहे, ती तुटलेलं काम पुढे नेते. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. नाहीच तर टाइमशिफ्ट. इथे भाच्याला फोन करा, हे त्याला मनापासून आवडेल.

दुकान बदलायचं ते एका दिवसात नको. पहिले दोन आठवडे अर्ज मिंटवर, आणि हात अडला की विंडोज. कगपचा हात बसायला साधारण तेवढेच दिवस धरा.

जुनी डिस्क ३१ मार्चचा सोसायटीचा हिशोब तपासून हाती येईपर्यंत तरी पुसू नका. आणि ती आठ वर्षं फिरते आहे हे विसरू नका: टॅलीचं डेटा फोल्डर दर शनिवारी पेनड्राइव्हवर काढा. मिंटमधूनही ती डिस्क उघडते, विंडोज सुरू करायची गरज नाही. तिच्यातून टकटक आवाज यायला लागला तर टॅली उघडू नका, त्याच क्षणी मिंटमधून फोल्डर कॉपी करून घ्या.